भूत नसलेला सिनेमा

तालालेलेई हे नाव तिच्या बापानं हातात बायबल धरून ठेवलं होतं. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ शुभवर्तमान. पण सवाई बेटावरच्या वाइतोलू गावात एवढं लांबलचक नाव घ्यायला कुणाला वेळ आहे? सगळे तिला नुसतं ताला म्हणायचे, आणि ताला म्हणजे गोष्ट. बापाचं शुभवर्तमान मागं पडलं, गोष्ट तेवढी उरली. गोष्टी तरी कसल्या, तर मुडद्यांच्या, पिशाच्चांच्या, रक्तानं भरलेल्या न्हाणीघरांच्या. म्हणजे सिनेमातल्या.

चटया विणायच्या घरात बायका सकाळी जमल्या, की मांड्या घालून केवड्याची वाळकी पात पुढ्यात ओढायच्या आणि कुणीतरी म्हणायचं, "ताला, मागच्या खेपेला ती पोरगी तळघरात उतरत होती. उतरली का?"

"उतरतेय, उतरतेय. एवढी घाई काय तुम्हाला तिला मारायची?" ताला म्हणायची आणि पात दाताखाली धरून मुद्दाम वेळ काढायची.

हे सिनेमे ती बघायची पलीकडच्या बेटावर, आपिया शहरात. नवऱ्याबरोबर, म्हणजे पेनीबरोबर, कोकोच्या बिया घेऊन फेरीबोटीनं पलीकडं गेली, की मावसबहिणीकडं उतरायची. मावसबहिणीच्या घरात व्हिडिओ होता आणि भाच्यांना भुताखेतांशिवाय दुसरं काही गोड लागत नव्हतं. तिथं एक सिनेमा बघितला, की वाइतोलूत तो आठवडाभर पुरायचा. तालाच्या तोंडून बाहेर पडताना त्याला असं काही तिखटमीठ लागायचं, की बायकांची बोबडी वळायची. एकदा तिनं दार करकरण्याचा आवाज काढला आणि विणायच्या घरातल्या दोघी जणी दचकून एकमेकींच्या मांडीवर गेल्या. त्या घराला दार नव्हतं. दार कशाला, भिंतसुद्धा नव्हती.

पाद्रीबाबांच्या कानावर हे गेलंच. त्यांनी तिला बोलावून घेतलं. "तालालेलेई, तुझं नाव काय, आणि तुझ्या तोंडात काय! सैतानाची फुकट जाहिरात करतेस?"

"बाबा, शेवटी सैतान मरतो ना."

"आणि तोवर काय करतो?"

"तोवर..." ताला जरा थांबली. "तोवर सांगू का?"

पाद्रीबाबांनी हात वर केला. पण त्यांनी उपाय असा शोधला, की त्यांच्या बायकोनं, एसेताबाईंनी, रोज विणायच्या घरात बसावं आणि काही अभद्र बोललं जात नाही ना यावर लक्ष ठेवावं. एसेताबाईंनी हे काम फार मन लावून केलं. एक दिवस चुकवला नाही. उलट ताला कधी आजारी पडली, तर सगळ्यांत आधी काढा घेऊन त्याच जायच्या, आणि ती बरी दिसली की हळूच विचारायच्या, "त्या डॉक्टरनं मग तिचा हात कापला का गं?"

सगळ्या गावात एकच बाई अशी होती, की जिला तालाचं हे कौतुक सोसवत नव्हतं. ती मोएलांगी, बायकांच्या समितीची मुख्य. अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून. ती म्हणायची, "ही सिनेमा बघते की खाते? बघितलेलं माणूस एवढं लांबवून सांगतं का?"

तालानं सांगितलेल्या सगळ्यांत भयंकर सिनेमाचं नाव गावानं 'भिंतीतली बाई' असं ठेवलं होतं. एक कुटुंब नव्या घरात राहायला जातं आणि भिंतीतून कुणी नखानं ओरखडल्याचा आवाज येतो. हळूहळू भिंत ओली होते, फुगते आणि तिच्यातून एक बाई बाहेर येते. केस समुद्रातल्या शेवाळासारखे, जीभ गुडघ्यापर्यंत. ती माणसांना मारत नाही, त्यांचा आवाज गिळते. घरातली सगळी तोंडं उघडतात आणि आवाज येतो तिच्या पोटातून. हे ऐकून विणायच्या घरातल्या बायका दोन दिवस नीट बोलल्या नव्हत्या, हो-नाही मानेनंच करत होत्या.

आणि नेमका तोच सिनेमा मोएलांगीच्या भावानं पागो पागोहून आणला. टीव्ही आणला, व्हिडिओ आणला आणि कॅसेटही आणली. शनिवारी दुपारी उमुतलं, म्हणजे तापल्या दगडांच्या भट्टीतलं, जेवण आटोपून सगळं गाव मोएलांगीच्या घरी लोटलं. म्हाताऱ्यांना पुढं बसवलं. एसेताबाई लक्ष ठेवायला आल्या होत्याच.

सिनेमा सुरू झाला. एक गोरा माणूस दार उघडत होता. मग त्याची बायको दार लावत होती. मग ती दोघं दारावरून भांडत होती. बायका वाट बघत बसल्या. शेवटी भिंतीतून जी बाई आली, ती म्हणजे तोंडाला पीठ फासलेली एक सुकडी पोरगी. केस अगदी नीट विंचरलेले. जीभ असेल, पण तोंडातच होती. पोरीनं हात वर केला, दिवे गेले, आले, आणि सिनेमा संपला.

मग मोएलांगीनं हळूच मान वळवली. "ताला, ती जीभ कुठं गेली गं?"

"ती... आपियाच्या कॅसेटमध्ये होती," ताला म्हणाली. "इथं कापलेली दिसतेय."

"आणि शेवाळ?"

"तेही कापलं असेल."

तेवढ्यानं कदाचित निभावलंही असतं. पण पेनी शेजारी बसला होता आणि पेनी हा असा सरळ माणूस, की त्याला खोटं बोलताना घाम यायचा आणि खरं बोलताना विचार करायची गरज वाटायची नाही. तो म्हणाला, "अगं, पण तू बघतेस कुठं? तू तर पहिल्यापासून कमरेचं लावालावा डोक्यावरून घेऊन बसतेस. मी शेजारी असतो ना. आवाज तेवढे ऐकतेस आणि मला विचारतेस, गेली का, गेली का."

घराला छप्पर होतं, म्हणून हसणं तेवढं वर अडलं. चारी बाजूंनी ते गावभर गेलं. मुलं रस्त्यानं डोक्यावरून लावालावा ओढून "गेली का, गेली का" करत फिरायला लागली. तालानं पेनीला आठवडाभर ऊन अन्न वाढलं नाही. पेनीला मात्र अजून कळलं नव्हतं, आपलं चुकलं काय.

खरं सांगायचं तर तिला लाज नव्हती वाटत, राग येत होता. कारण जीभ तिनं बघितली होती. कापडाखालच्या अंधारात, आवाजावरून, अगदी स्वच्छ बघितली होती. पडद्यावरची पोरगी खोटी होती. पण हे कुणाला पटवून सांगणार? विणायच्या घरात आता मोएलांगी विचारायची, "काय गं, आज कापडाखाली काय दिसलं?" आणि ताला खाली मान घालून चटई विणायची. तिची चटई एवढ्या भराभर कधीच पुरी झाली नव्हती.

त्याच वर्षी ऑकलंडहून तिच्या मुलाचा, फिलिपोचा, फोन आला. आईनं येऊन काही महिने राहावं. निरोप घ्यायला बायका आल्या, तेव्हा मोएलांगी म्हणाली, "तिकडं म्हणे एकेका दुकानात भिंतभर सिनेमे असतात. एक तरी भयंकर सिनेमा डोळे उघडे ठेवून बघ आणि येऊन सांग. पदरचं काही घालायचं नाही."

"बघेन," ताला म्हणाली. "आणि मग तुला झोप लागली नाही, तर माझ्या नावानं बोंबलू नकोस."

फिलिपोच्या घराला चार भिंती होत्या, पुढचं दार होतं, मागचं दार होतं आणि दोन्हींना कुलपं होती. फिलिपो आणि सून सकाळी उजाडायच्या आत कामाला जायची. मुलं शाळेत. जाताना फिलिपो रोज बजावायचा, "आई, दार आतून लावून घे. कुणी वाजवलं तरी उघडू नकोस."

"का?"

"इथं तसंच असतं."

ताला दार लावून घ्यायची आणि सिनेमे बघायची. फिलिपोनं दुकानातून ढीगभर आणून दिले होते. लावालावा तिनं कमरेला गच्च गाठ मारून बांधलं होतं, वर ओढताच येऊ नये म्हणून. पहिल्या सिनेमाला तिनं डोळे उघडे ठेवले, तेव्हा पायाची बोटं आखडली. दुसऱ्याला नुसता घसा कोरडा पडला. पुढंपुढं ती अळूचे कंद सोलता सोलता बघायला लागली.

माणसं शिवणारा एक डॉक्टर होता. त्याचे टाके बघून ती म्हणाली, "शी, किती लांब लांब घातलेत." सुरी घेऊन चालणारी एक बाहुली होती. ती तालाच्या गुडघ्याएवढीही नव्हती. तिला एक थोबाडीत ठेवून दिली असती तर भागलं असतं, पण घरातली पाच मोठी माणसं नुसती किंचाळत होती. एका सिनेमात तर पछाडलेल्या घरात नवरा, बायको आणि मुलगी रोज मरणाच्या भीतीनं थरथरत होती आणि रोज त्याच घरात झोपत होती.

रात्री जेवताना तिनं फिलिपोला विचारलं, "ही माणसं काकाकडं झोपायला का जात नाहीत रे?"

"कोण माणसं?"

"सिनेमातली. घरात भूत आहे, तर चुलत्याकडं जावं, मामाकडं जावं. निदान चार भाचे बोलावून घ्यावेत. घरात वीस माणसं झोपलीत म्हटल्यावर कुठलं भूत येईल? त्याला पाय ठेवायला तरी जागा हवी की नाही?"

फिलिपो हसला. "आई, मग सिनेमाच होणार नाही ना."

"तेच म्हणते मी," ताला म्हणाली.

आणि मग तो सिनेमा आला. तो दुकानातला नव्हता. दुपारी टीव्हीवर आपोआप लागला होता. तालाला इंग्रजी थोडकंच समजायचं, पण त्यात बोलणंही फारसं नव्हतं. एक गोरी म्हातारी होती, उंच इमारतीतल्या दोन खोल्यांत एकटी राहणारी. सकाळी उठून ती दोन कप मांडायची आणि एकातच चहा ओतायची. ताला सावरून बसली. दुसऱ्या कपासाठी कोण येणार, हे तिनं ओळखलं. नवऱ्याचं भूत. पण नवऱ्याचं भूत आलं नाही. म्हातारी खिडकीशी बसली. जिन्यावर पावलं वाजली. तालानं श्वास धरला. पावलं वरच्या मजल्यावर निघून गेली. टेबलावर मुलांचे फोटो होते, नाताळची कार्डं होती. फोन वाजला. म्हातारी लगबगीनं उठली, केससुद्धा नीट केले, आणि तो चुकून लागलेला फोन निघाला. एक दिवस ती स्वयंपाकघरात पडली. दाराबाहेर दुधाच्या बाटल्या साठत गेल्या. शेजारीण त्यांना वळसा घालून जिना उतरत राहिली. शेवटी इमारतीच्या मालकाचा माणूस काहीतरी मागायला आला, त्यानं दार वाजवलं, पुन्हा वाजवलं, नाकाला रुमाल लावला, आणि सिनेमा संपला.

ताला भुताची वाट बघत बसून राहिली. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली, तरी ती बसून होती. मग तिला घड्याळाचा आवाज ऐकू आला. घरात दुसरा आवाज नव्हता. तिनं समोर बघितलं. टेबलावर नातवंडांचे फोटो होते. दार आतून लावलेलं होतं, तिनंच.

फिलिपो कामावरून आला, तेव्हा पुढचं दार सताड उघडं होतं, हिवाळ्याचं वारं घरात शिरलं होतं आणि आई उंबऱ्यावर गोधडी पांघरून बसली होती.

"आई! हीटर चालू आहे आणि दार उघडं? काय झालं?"

"शेजारच्या घरात कोण राहतं?"

"मिसेस हॅलोरन. का?"

"म्हातारी आहे?"

"हो."

"एकटी?"

"आई, तू आत ये आधी."

दुसऱ्या दिवशी तालानं अळूची कोवळी पानं नारळाच्या घट्ट दुधात शिजवून, वर खारं गोमांस घालून पुडकं बांधलं आणि मिसेस हॅलोरनचं दार वाजवलं. दार साखळीएवढं उघडलं. फटीतून एक निळा डोळा दिसला. डोळा म्हणाला, मला काही विकत घ्यायचं नाही. तालानं फटीतून पुडकं आत सरकवलं आणि खा म्हणून खूण केली. दार बंद झालं. ताला तिथंच उभी राहिली, कारण तिनं खाल्ल्याशिवाय जायचं कसं? थोड्या वेळानं डोळा पुन्हा आला. ताला हसली. डोळा गेला. असं बराच वेळ चाललं. शेवटी मिसेस हॅलोरननं ताट चाटूनपुसून फटीशी आणून दाखवलं, तेव्हा कुठं ताला घरी गेली. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

चौथ्या की पाचव्या पुडक्याला मिसेस हॅलोरननं फिलिपोला कुंपणापाशी गाठलं. आई फार चांगल्या आहेत, म्हणाल्या, पण त्या मी खाईपर्यंत हलत नाहीत, आणि माझं वजन वाढतंय. फिलिपो शरमेनं लाल झाला.

"आई, असं कुणाच्या दारात उभं राहायचं नसतं इथं."

"मग कुठं उभं राहायचं?"

फिलिपोनं बुटाच्या नाड्या सोडल्या, पुन्हा बांधल्या. ताला म्हणाली, "पोरा, मला घरी पाठव. तुझं घर चांगलं आहे, सून गुणी आहे, मुलं गोड आहेत. पण दुपारी इथं फार भीती वाटते."

ती ठरल्यापेक्षा आधीच परत आली, म्हणून वाइतोलूत चर्चा झाली. पहिल्याच सकाळी विणायचं घर गच्च भरलं. एसेताबाई सगळ्यांत पुढं. मोएलांगीनं आपली चटई बाजूला सारून हात मोकळे ठेवले. "हं. डोळे उघडे होते?"

"उघडे होते."

"पदरचं घालायचं नाही."

"या सिनेमात घालायला जागाच नाही," ताला म्हणाली आणि सांगू लागली.

तिनं या वेळी आवाज काढले नाहीत. दार करकरवलं नाही. म्हातारीनं दोन कप कसे मांडले, ते हातानं दाखवलं. जिन्यावरची पावलं चटईवर बोटांनी वाजवली आणि मग बोटं थांबवली.

"आता येणार," कुणीतरी कुजबुजलं.

"कोण येणार?" ताला म्हणाली.

"भूत."

"नाही आलं."

"मग कोण आलं?"

"कुणीच नाही."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मोएलांगी म्हणाली, "कुणीच नाही म्हणजे? सून असेल."

"नाही."

"पुतणे?"

"नाही."

"अगं, जेवायच्या वेळेला तरी कुणी असेल ना! एकटं माणूस जेवेल कसं?"

"एकटीच जेवली. ताट मांडीवर घेऊन. टीव्हीकडं बघत."

कुणाच्या तरी हातातली पात खाली पडली. एसेताबाईंनी विचारलं, "त्या गावात पाद्री नव्हता का?"

"असेल. पण दार बंद होतं."

पडल्यावरचं तालानं हळूहळू सांगितलं. दुधाच्या बाटल्यांपाशी आली, तेव्हा मोएलांगीनं दोन्ही कान झाकून घेतले. "पुरे! पुरे कर! जीभ सांग, शेवाळ सांग, काय हवं ते सांग, पण हे नको!"

"तूच म्हणालीस ना, पदरचं घालू नकोस?"

"मग आता घाल की थोडं! निदान एक भाची तरी घाल!"

पण ताला हट्टानं शेवटापर्यंत गेली. सांगून झालं आणि बराच वेळ कुणी पातीला हात लावला नाही. मग मागच्या रांगेतून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "अगं बाई! आपली आकेनेसे!"

आकेनेसे म्हातारी गावापासून वर, केळीच्या मळ्याच्या कडेला राहायची. एकटी. नवरा गेल्यावर पुतण्यानं तिला घरी नेलं होतं, पण त्याच्या मुलांच्या गोंगाटाला कंटाळून ती स्वतःच आपलं अंथरूण उचलून परत गेली होती. एक डुकरीण, एक कोयता आणि तोंडात धारदार जीभ, एवढा तिचा संसार. तिची काळजी करावी असं आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. काळजी वाटायची ती तिच्या वाटेला जाणाऱ्याची.

त्या दुपारी मळ्याची वाट बायकांनी भरून गेली. पुढं मोएलांगी, तिच्या हातात भाजलेला नीरफणस. मागं अळूच्या कंदांच्या टोपल्या, मासे, कोकोची किटली. आकेनेसे डुकरिणीला खोबरं घालत होती. एवढी मिरवणूक बघून तिनं कोयता उचलला.

"कोण मेलं?"

"कुणी नाही, आजी," मोएलांगी म्हणाली आणि तिला मिठी मारून रडायलाच लागली.

"मग रडतेस कशाला? मी मेले की काय? आणि मलाच कुणी सांगितलं नाही?"

बायका बसल्या. त्यांनी तिला जेवू घातलं. ती जेवली. पुन्हा जेवू घातलं. संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख झाला, तर तिथंच स्तोत्रं म्हटली, सगळीच्या सगळी कडवी. चौघी जणी मुक्कामाला राहिल्या. सकाळी दुसऱ्या आल्या. चार दिवसांत आकेनेसेच्या घरात अन्न एवढं साठलं, की डुकरिणीनं खोबऱ्याकडं बघणं सोडलं. शेवटी म्हातारीनं वैतागून घराच्या चारी बाजूंचे झावळ्यांचे पडदे खाली सोडले आणि आत बसली. बाहेर एकच हलकल्लोळ उडाला. "बंद केलं! आतून बंद केलं!" आणि मोएलांगीनं पडदा एवढ्या जोरानं वर खेचला, की तो हातात आला.

रविवारी चर्च सुटल्यावर दुकानातल्या फोनपाशी रांग लागली. ज्यांची मुलं ऑकलंडला, सिडनीला होती, त्या सगळ्या बायका तिथं होत्या, आणि एकीनंही तब्येत विचारली नाही. सगळ्यांनी मुलांना फैलावर घेतलं. फिलिपोचा उलटा फोन आला. "आई, तू काय सांगितलंस तिकडं? इथले वाइतोलूचे सगळे मला शिव्या देतायत. त्या सेफोला त्याच्या आईनं विचारलं, मी पडले तर बाटल्या कोण मोजेल? कसल्या बाटल्या?"

"तू तो सिनेमा बघ," ताला म्हणाली.

"कुठला?"

"दुपारी लागतो. तू कामावर असतोस तेव्हा."

मग फिलिपो म्हणाला, "नाताळला येतो, आई." आणि घाईनं फोन ठेवला.

पाद्रीबाबांनी पुढच्या रविवारी एकट्या माणसाच्या बंद दाराविषयी प्रवचन दिलं. ते आपल्याला प्रार्थनेत सुचलं, असं ते म्हणाले. एसेताबाईंनी तेव्हा स्तोत्राच्या पुस्तकात तोंड खुपसलं होतं.

सोमवारी सकाळी विणायच्या घराच्या पायरीवर कोयता आपटला. आकेनेसे स्वतः आली होती. डोंगर उतरून ती गावात किती तरी दिवसांनी येत होती.

"ती ताला कोण?"

ताला उठली. "मी, आजी."

"तुझ्या कुठल्या त्या सिनेमातल्या बाईमुळं माझ्या घराची खानावळ झाली. काल दोघी जणी माझ्या दोन्ही बाजूंना झोपल्या होत्या. एक घोरत होती." मोएलांगीनं मान फिरवली. "मला ऐकव ती गोष्ट. सगळी. मी तशी दिसते का, ते मला बघू दे."

ताला सांगू लागली. म्हातारी मांडी घालून बसली आणि मध्येच तोंड घालत राहिली. दोन कप? उधळी होती. फोनसाठी केस नीट केले? अडाणी, फोनला दिसतं का? पण पावलं वरच्या मजल्यावर गेली, तिथपासून ती काही बोलली नाही. गोष्ट संपल्यावर तिनं विचारलं, "तिनं कुणाला सांगितलं होतं का, या म्हणून?"

"नाही, आजी."

"मूर्ख," आकेनेसे म्हणाली, पण तिचा आवाज खाली आला होता. "मलाही सांगता येत नाही. हाकलता तेवढं येतं." मग तिनं घसा खाकरला. "ऐका. दिवसाआड एकीनं यायचं. एकीनंच. स्तोत्राचं एक कडवं म्हणायचं, पुढची नाहीत. झोपायला कुणी नको. आणि माझा पडदा ज्या बयेनं फाडला, तिनं नवा विणून द्यायचा."

"देते, आजी," मोएलांगी म्हणाली. अख्ख्या वाइतोलूत तिला एवढं हळू बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

पडदा विणून व्हायचा होता, म्हणून त्या दिवशी म्हातारी थांबली. विणता विणता एसेताबाईच म्हणाल्या, "ताला, आता जरा हलकंफुलकं काहीतरी सांग ना. एखादं पिशाच्च वगैरे."

"मुडदा उठतो, तो सांगू?"

"सांग, सांग," सगळ्या म्हणाल्या, अगदी मोएलांगीसुद्धा. "आणि घाल हवं तेवढं पदरचं."

तालानं असा सिनेमा बघितलेलाच नव्हता, त्यामुळं तिला काही अडचण आली नाही. मुडद्याचे डोळे तिनं कोळशाचे केले, दात माशाचे केले. तो थडग्यातून निम्मा बाहेर आला असेल-नसेल, तेवढ्यात आकेनेसे म्हातारीची मान कलली. ती मोएलांगीच्या खांद्यावर टेकली आणि बारीक घोरायला लागली. मोएलांगीनं विणायचे हात थांबवले आणि बोट ओठांवर ठेवलं. तालानं मान हलवली. मग त्या भयंकर मुडद्यानं त्या गावातली सगळी माणसं एकामागून एक मारली, पण अगदी कुजबुजत, पाय न वाजवता, आणि मरणाऱ्यांनीही कुणी ओरडायचं नाही, असं तालानं त्यांना बजावून ठेवलं.